राजवाड्यामागचं बिनपाटीचं बासरीचं दुकान (मी व्हर्नियर घेऊन गेले होते)

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांना फक्त घ्यावी की नको एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी: घ्या, नऊशेवाली घ्या, सतराशेवाली घेऊ नका, आणि पैसे द्यायच्या आधी आतलं बूच कुठे बसलंय ते बघा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

मी इंदूरला सुदामा नगरात अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या ट्यूशन घेते आणि दोन वर्षांपासून बासरी शिकतेय, म्हणजे गुरुजी म्हणतात शिकतेय, घरचे म्हणतात छळतेय. पहिली बासरी ऑनलाइन मागवली होती, साडेसहाशेची, वर सोनेरी अक्षरात 'कॉन्सर्ट ट्यून्ड' लिहिलेलं. कंपनीचं नाव टाकत नाही. तर त्या बासरीची सहाची सहा भोकं एका मापाची आणि एकमेकांपासून अगदी सारख्या अंतरावर, पट्टी ठेवून पाडल्यासारखी, दिसायला इतकी सुरेख की मी फोटो काढून स्टेटसला टाकला होता. वाजवल्यावर कळलं. सा जुळवला की नी उतरलेला, रे पण ढिला, आणि मी सहा महिने समजत राहिले की माझीच फुंक वाईट आहे. शेवटी गुरुजींनी हातात घेऊन दोन स्वर लावले आणि खाली ठेवली, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले राजवाड्यामागे एक चाचा आहेत, तिकडे जा.

दुकान राजवाड्याच्या मागे कृष्णपुऱ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत आहे. पाटी बिटी काही नाही, बाहेर क्लॅरिनेटची एक फाटकी पेटी लटकवलीय त्यावरून ओळखायचं. कार घेऊन जाऊ नका. आमच्या ह्यांनी नेली आणि मी आत तीन तास असताना ते गाडीतच बसून होते, अधूनमधून हॉर्न वाजवून आठवण करून देत होते.

चाचा सत्तरीचे असतील. मराठी समजतं पण बोलत नाहीत, "समझता पूरा हूँ, बोलने में नी जमता" म्हणाले. कुठली पाहिजे विचारलं, मी म्हणलं जी मीडियम, पांढरी पाच (म्हणजे जिचा सा हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला जुळतो ती). त्यांनी आधी माझा हात बघितला, पंजा उघडून, जसं बांगडीवाले बघतात तसं, मग मान हलवली की चालेल. हे मला आवडलं, कारण ऑनलाइन कोणी हात बघत नाही. पन्नालाल घोषांनी (१९११–१९६०) लांब जाड बासरी रागदारीत आणली तेव्हापासून सगळ्यांना ती खर्जाची मोठी बासरीच पाहिजे असते, आणि माझ्यासारख्या बुटक्या बोटांच्या बायका ई बेस, म्हणजे तसली मोठी बासरी, घेऊन सहाव्या भोकापर्यंत पोचायला मनगट वाकडं करून घेतात.

आता बांबू निवडणं. कोपऱ्यात बांबूचा ढीग, म्हणाले आसामचा माल, सिलचरकडचा. पिलीभीतला जिथे बासऱ्यांचा एवढा मोठा धंदा आहे तिथेही सिलचरचाच बांबू येतो, कारण त्याची पेरं लांब आणि भिंत पातळ असते. चाचांनी सहा-सात नळ्या काढल्या आणि एकेकीच्या एका तोंडात मोबाईलचा टॉर्च धरून दुसऱ्या तोंडातून एक डोळा मिटून बघायला लागले. तिसरी नळी बाजूला फेकली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "इसका पेट निकला है, ऊपर जाके रोएगी." मी पण डोळा लावून बघितलं. मधोमध नळी किंचित फुगलेली होती, सावलीचं वर्तुळ तिथे जाड दिसत होतं, बाहेरून हाताला तर काही कळत नव्हतं.

मी तिथेच थबकले, कारण हे तर आवाजाचं शास्त्र मांडणाऱ्या रॅले साहेबांचं गणित आहे. बासरी म्हणजे दोन्ही टोकं उघडी नळी (तोंडाचं भोक हे एक टोक धरायचं). सगळी भोकं बंद करून हळू फुंकलं की आतल्या हवेच्या दाबाची चढउतार मधोमध सगळ्यात जास्त आणि दोन्ही टोकांना जवळजवळ शून्य. जिथे दाब जास्त हलतो तिथे नळी रुंद असली की स्वर उतरतो. तेच जोरात फुंकून वरच्या सप्तकात गेलं की चित्र बदलतं, आता मधोमध दाब हलत नाही, तिथे हवेची ये-जा जास्त, आणि जिथे हवा जास्त पळते तिथे रुंदी वाढली की स्वर चढतो. म्हणजे एकाच पोटाने खालचा प उतरवला आणि वरचा प चढवला, दोघांत नेमकं दुप्पट नातं पाहिजे ते दुपटीच्या वर गेलं. हे एका सप्तकात कितीही घासूनपुसून दुरुस्त होत नाही. चाचा त्याला रडणं म्हणतात.

मग एक नळी पसंत झाली. ती त्यांनी त्याच वेळी पाडली नाही, तसलीच आधी तयार असलेली एक काढून दिली आणि म्हणाले बजा के देखो. आणि इथून माझा व्हर्नियर, म्हणजे मिलीमीटरचे तुकडे मोजायचं साधन, बाहेर आला. हो, नेला होता. चाचा बघतच राहिले.

मापं लिहून ठेवते, ज्यांना घरच्या बासरीशी ताडून बघायचंय त्यांच्यासाठी. एकूण लांबी ६१ सेंटीमीटर, आतला व्यास १६.५ मिलीमीटर, तोंडाच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या उघड्या टोकापर्यंत ५४.६ सेंटीमीटर. दुकानात तापमान २८ च्या आसपास, म्हणजे आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर. आता आपलं पुस्तकातलं सूत्र, वेग भागिले दुप्पट लांबी, लावा. उत्तर येतं ३१९ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं). आणि सगळी भोकं बंद करून प्रत्यक्ष वाजतो तो मंद्र प, २९४ हर्ट्झ. म्हणजे जवळजवळ दीड अर्धस्वराचा घोटाळा! माझी ट्यूशनची पोरं असती तर म्हणाली असती मॅडम सूत्र चुकलंय.

सूत्र चुकलेलं नाही, लांबी चुकलीय. ज्यांनी अकरावीत रेझोनन्स ट्यूब केलीय त्यांना आठवेल, ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पाण्याची पातळी खाली नेत जायची आणि हिशोबाप्रमाणे १७ सेंटीमीटरला घुमायला पाहिजे ते १६ लाच घुमतं, मग सर सांगायचे एन्ड करेक्शन धरा, व्यासाच्या ०.३ पट. तेव्हा वाटायचं ही प्रॅक्टिकलचं उत्तर जुळवायची पळवाट आहे. पण ते खरंच असतं. कंप पावणारी हवा नळीच्या तोंडाशी येऊन शिस्तीत थांबत नाही, थोडी बाहेर डोकावते, म्हणून हवेच्या हिशोबाने नळी लाकडापेक्षा लांब असते. माझ्या बासरीच्या खालच्या टोकाला ही भर जेमतेम अर्धा सेंटीमीटर. खरी गंमत तोंडाच्या भोकाशी आहे. ते भोक नळीच्या मानाने लहान, वरून आपला ओठ त्याचा बराच भाग झाकतो, त्यामुळे तिथे हवेला वाटतं अजून बरीच नळी बाकी आहे. २९४ हर्ट्झला लागणारी लांबी येते ५९.२५ सेंटीमीटर, त्यातून ५४.६ आणि खालचा अर्धा वजा केला की चार सेंटीमीटरच्या वर उरतात, ते सगळे ह्या एका भोकाचे आणि माझ्या ओठाचे. म्हणूनच गुरुजी सारखं म्हणतात ओठ कमी झाक, स्वर उतरतोय. मला वाटायचं ते स्वभावाने खेकसतात.

आता भोकांचं. त्या ऑनलाइनवाल्याने जे केलं ते का चूक, तर स्वरांमधली अंतरं सारखी नसतात. ह्याच बासरीचे हवेच्या हिशोबाचे आकडे बघा: प ला ५९ सेंटीमीटर, ध ला ५३, नी ला ४७, सा ला ४४, रे ला साडे-एकोणचाळीस, ग ला साडेपस्तीस. प ते ध सहा, ध ते नी सहा, आणि नी ते सा एकदम तीनच, कारण तो अर्धस्वर. पुन्हा वर जाताना अंतरं आवळत जातात. पण असं तंतोतंत पाडलं तर बोटांचे हाल, पाचवं भोक (तोंडाकडून मोजायचं, नी चं) चौथ्याला (सा च्या) चिकटणार आणि सहावं (ध चं) मैलभर लांब. त्याला उपाय भोकाचा आकार. भोक लहान केलं की स्वर उतरतो, म्हणून ते तोंडाकडे वर सरकवता येतं, मोठं केलं की चढतो, म्हणून खाली सरकवता येतं. व्हर्नियर लावून बघितलं, चाचांच्या बासरीत सहावं भोक ८ मिलीमीटर आणि पाचवं साडेदहा. डोळ्याला भोकं थोडी वेडीवाकडी दिसतात, एकसारखी नाहीत, आणि तीच खरी. मी विचारलं हे माप कुठे लिहिलंय, तर त्यांनी एक जुनी काळी पडलेली बासरी दाखवली, तिच्यावर भोकांच्या बाजूला ब्लेडने रेघा मारलेल्या. वडिलांची म्हणाले. तीच त्यांची वही.

त्यानंतर आमचं वाजलं, ग वरून.

मी फोनमधलं ट्यूनर ॲप लावून एकेक स्वर काढला. सा ३९२, बरोबर. रे ठीक. ग आला तर ॲपची सुई डावीकडे, लाल, १४ सेंट कमी (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). मी पुन्हा फुंकलं, पुन्हा १४ कमी. म्हणलं चाचा, ग उतरलाय, भोक जरा मोठं करा. चाचा म्हणाले, "नहीं उतरा." मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी फोनकडे बघितलं पण नाही, मागे हात घालून इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला, पांढरी पाचला, आणि माझ्या हातातून बासरी घेऊन ग लावून धरला. अख्खं दुकान एकदम शांत झाल्यासारखं वाटलं, तानपुरा आणि बासरी एकाच नळीतून येतायत असं. मग त्यांनी तोंडाशी बासरी थोडी बाहेर फिरवून तोच ग माझ्या ॲपच्या हिरव्या खुणेवर नेला. आणि तिथे थरथर सुरू झाली, वँव वँव वँव वँव, सेकंदाला चारेक वेळा. "अब बोलो मास्टरनीजी, कौन सा रखूँ?"

मी घरी येऊन हिशोब मांडला आणि माझी मलाच लाज वाटली, कारण हे मी शिकवते. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेची कंपनं सेकंदाला ९८. तिच्या पाचव्या पटीला ४९०, हाच तो स्वयंभू गंधार जो चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात कोणी न वाजवता ऐकू येतो. सा च्या सव्वापट, ३९२ चे ४९०. ॲपला जो ग पाहिजे तो हार्मोनियमचा, सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून आलेला, ४९४ ला जरासा कमी. दोघांतला फरक ४ हर्ट्झच्या किंचित खाली, आणि तेवढ्याच वेळा सेकंदाला ती थरथर. ध आणि नी चं पण तसंच, साडेपंधरा आणि बारा सेंटने ॲप त्यांना उतरलेले म्हणणार. तेव्हा बासरी घ्यायला जाताना ट्यूनर ॲप नेलंत तरी चालेल, पण त्याला सा आणि प विचारा, बाकीचे स्वर तानपुऱ्याला विचारा. काही ॲपमध्ये सेटिंग बदलून शुद्ध गुणोत्तरं लावता येतात, ते मला नंतर मुलीने दाखवलं, तोपर्यंत माझी इज्जत गेलेली होती.

पण चाचा दर वेळी बरोबर होते असं नाही हां.

मधला सा ३९२ आणि तोच बोटांनी जोरात फुंकून तार सा काढला तर ७७४. पाहिजे ७८४. बावीस सेंट कमी, आणि हे काही गुणोत्तराचं तत्त्वज्ञान नाही, सप्तक म्हणजे दुप्पट, त्यात दोन मतं नाहीत. चाचा म्हणाले तुमची फूंक कमजोर आहे. म्हणलं ठीक, तुम्ही वाजवा. त्यांनी वाजवला तरी पंधरा सेंट कमी. तेव्हा कुठे त्यांच्या कपाळावर आठी आली. बासरी उलटी करून डोक्याकडच्या टोकात बघितलं आणि म्हणाले, "अरे, पीछे हवा का कमरा बड़ा रह गया."

हवेची खोली! मला हा शब्द फार आवडला. बासरीचं डोक्याकडचं टोक आतून बुचाने बंद असतं, आणि बूच आणि तोंडाचं भोक ह्यांच्यामध्ये थोडी रिकामी जागा राहते. वाटतं की त्या जागेचं काय काम, हवा तर दुसरीकडे चाललीय. पण तेवढी हवा स्प्रिंगसारखी दाबली-सुटली जाते, आणि जितका वरचा स्वर तितका तिचा परिणाम जास्त, म्हणजे खोली मोठी असली की वरचं सप्तक खाली ओढलं जातं. पाश्चात्त्य फ्लूटमध्ये हे माप ठरलेलंच आहे, थिओबाल्ड बोमने १८४७ मध्ये जो सरळ नळीचा फ्लूट केला त्याची नळी १९ मिलीमीटरची, आणि आज फ्लूटवाले साफ करायच्या काडीवर १७ मिलीमीटरला खूण ठेवतात, ती खूण भोकाच्या मधोमध दिसली की बूच जागेवर. मी हेअरपिन सरळ करून, टोक वाकवून, तोंडाच्या भोकातून आत घातली (चाचांना हे बिलकुल आवडलं नाही, कडेला ओरखडा पडला तर आवाजात फुसफुस येते आणि ते बरोबर आहे), माप आलं २९ मिलीमीटर. साडेसोळाच्या नळीला हे फारच झालं.

चाचांनी डोक्याकडून एक लाकडी दांडकं आत घातलं, वर हातोडीचा उलटा दांडा, आणि टक. वाजवून बघितलं. पुन्हा टक. तिसऱ्यांदा इतक्या हळू की आवाजसुद्धा आला नाही, फक्त त्यांचं मनगट हललं. मग मला दिली. मी फुंकलं, तार सा ७८४. खालचा सा पण केसभर वर गेला होता, ३९३, तो फुंकेत सांभाळता येतो. हेअरपिनने पुन्हा मापलं, १८ मिलीमीटर. अकरा मिलीमीटरने बावीस सेंट. ह्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण मी मापलं नसतं तर ती बासरी तशीच माझ्या गळ्यात आली असती आणि मी पुन्हा सहा महिने फुंकेला दोष दिला असता, म्हणून एक तारा इथे कापतेय. तयार माल ठेवताना एकदा वरचं सप्तक तपासायला काय जातं?

मग सतराशेची कथा. चाचांकडे तीन दर आहेत, पीव्हीसी पाइपची दोनशे, साधा बांबू नऊशे, आणि 'पुराना आसामी' सतराशे. पुराना म्हणजे वर्षानुवर्षं वाळवलेला, तेल पाजलेला, गोड वाजतो असं त्यांचं म्हणणं. इथे मी त्यांच्याशी अजिबात सहमत नाही. वाळलेला बांबू तडकत कमी हे मान्य, त्याचे पैसे घ्या. पण गोडवा? बासरीत बांबू वाजत नाही, आतली हवा वाजते. १९७१ मध्ये कोल्टमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन फ्लूट एकाच मापाच्या केल्या, तोंडाकडचा भाग तिन्हींचा सारखा ठेवला, आणि न दाखवता ऐकवल्या नि वाजवायला दिल्या. ऐकणाऱ्यांना तर नाहीच, वाजवणाऱ्यांनाही ओळखता आल्या नाहीत. मी दुकानातच प्रयोग केला, आमच्या ह्यांना गाडीतून बोलावलं, पाठ करून उभं केलं आणि चाचांना नऊशेवाली आणि सतराशेवाली आलटून पालटून वाजवायला लावली. दहापैकी पाच बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. चाचा म्हणाले साहेबांचे कान बाजाराचे आहेत. असतील. पण पातळ भिंतीची, आतून गुळगुळीत आणि भोकांच्या कडा नीट असलेली नऊशेची बासरी सतराशेच्या पुढे कुठेही कमी पडली नाही. पीव्हीसीची तर पोरांना द्यायला झकास, पडली तरी फुटत नाही, पावसात फुगत नाही. फक्त तिचा पांढरा रंग बघून गुरुजी हातात धरणार नाहीत, तो वेगळा प्रॉब्लेम.

तिथेच एका बँडवाल्याचं क्लॅरिनेट दुरुस्तीला पडलेलं होतं, त्यावरून एक सांगते, कारण माझ्या ट्यूशनमध्ये हे आता मी असंच शिकवणार आहे. क्लॅरिनेट साधारण ६६ सेंटीमीटर, माझ्या बासरीपेक्षा दोन-तीन बोटं लांब. बासरीचा सगळ्यात खालचा स्वर २९४, क्लॅरिनेटचा १४७, बरोब्बर निम्मा, पुरं एक सप्तक खाली! एवढीशी लांबी वाढवून हे होत नाही. कारण क्लॅरिनेटचं तोंड पत्तीने जवळपास बंद असतं, एक टोक बंद असलेल्या नळीत लहरीचा चौथाच हिस्सा मावतो, बासरीत अर्धा. आणि बंद नळीत फक्त विषम पटी घुमतात, म्हणून क्लॅरिनेटवाला वर उडी मारतो ती दुपटीला नाही, एकदम तिपटीला, सा वरून वरच्या सप्तकातल्या प वर. आता शहनाई घ्या, तिलाही पत्तीच, टोक तसंच बंद, पण नळी शंकूसारखी पसरत जाते आणि शंकूत सगळ्या पटी येतात, म्हणून ती बासरीसारखी सप्तकातच चढते. नळीचा आकार बदलला की सगळा कायदा बदलतो. मी हे चाचांना हिंदीतून समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इसीलिए क्लैरनेटवाले को बाँसुरी नी आती, उँगली गलत पड़ती है." मी दोन पानांत जे सांगते ते त्यांनी एका ओळीत संपवलं.

एक इशारा, हा दुकानाचा दोष नाही, हवेचा आहे. बासरी मी जुलैत घेतली, २८ अंशाला जुळवलेली. दर अंशाला स्वर साधारण तीन सेंटने सरकतो, कारण गरम हवेत आवाज जास्त वेगाने धावतो. हार्मोनियमचं तसं नाही, तिथे स्वर पितळी पत्ती ठरवते, तिला हवेच्या वेगाशी फारसं देणंघेणं नाही, आणि ॲपमधल्या तानपुऱ्याला तर काहीच नाही. इंदूरला जानेवारीत पहाटे दहा अंश आणि मे मधे दुपारी चाळीस, हिशोबाने ८७ सेंटचा फरक, म्हणजे जवळजवळ एक अख्खी पट्टी. प्रत्यक्षात थोडा कमी पडतो कारण फुंकेची ऊब आतली हवा तापवते, म्हणून थंडीत वाजवायच्या आधी दहा मिनिटं नुसती फुंकून गरम करायची असते. पण जानेवारीत हार्मोनियमबरोबर बसलात आणि स्वर उतरलेला वाटला म्हणून भोकं घासायला आणलीत तर मे महिन्यात रडाल. घासलेलं भोक परत लहान होत नाही, आतून मेण लावून थोडंफार होतं तेवढंच. ह्यावर चाचांचा सल्ला, "दो रखो, एक गर्मी की एक ठंड की." धंदा करून राहिले होते, पण गणिताने खोटं नाही.

ती जुनी ऑनलाइनवाली पण नेली होती. चाचांनी पन्नास रुपयांत पाचवं भोक कानशीने तोंडाच्या बाजूने थोडं वाढवून नी चढवला, रे चं पण तसंच केलं, आता ती निदान वाजवण्यालायक झाली. सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवून विचारलं हे काय लिहिलंय. मी सांगितलं. हसले नाहीत, उलट म्हणाले नळी चांगली आहे, पाडणाऱ्याला घाई होती.

बिल मिळत नाही, मागितलं तर कागदाच्या तुकड्यावर लिहून देतात. यूपीआय चालतं पण नेटवर्क गल्लीत येत नाही, बाहेर येऊन उभं राहावं लागतं. शुक्रवारी दुपारी बंद, बाकी दिवशी अकराच्या आत जाऊ नका. तेल कुठलं लावायचं विचारलं तर मोहरीचं, महिन्यातून एकदा, आतून दोरीला फडकं बांधून ओढायचं, आणि भोकांच्या कडांना अजिबात लागू द्यायचं नाही. शेजारच्यांनी क्लॅरिनेटचे पॅड (भोकं झाकणाऱ्या चकत्या) बदलून मिळतात का ते विचारायला सांगितलं होतं: मिळतात, पण लग्नसराईत नेऊ नका, तेव्हा सगळ्या शहराच्या बँडची वाद्यं त्यांच्या जमिनीवर पडलेली असतात आणि बसायला जागा नसते.